तोंडातला थर्मामीटर

आयुष्यात एकदाही खोटं न बोललेला माणूस मी चौसाळ्यात एकच पाहिला, आणि गावातला अव्वल नंबरचा लबाडही तोच होता. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते कंपाउंडर होते. गाव त्यांना कंपाउंडर म्हणायचं, आम्ही कंपाउंडर काका म्हणायचो, आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, नाव घ्यायची वेळ आली की नुसत्या "हे" म्हणून हनुवटीनं त्यांच्याकडे बोट केल्यासारखं करायच्या.

खोटं टाळण्याची त्यांची स्वतःची एक तोड होती. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी स्टीलच्या नळीत एक थर्मामीटर असायचा. अडचणीचा प्रश्न आला की काका तो काढत, दोनदा झटकत, जिभेखाली ठेवत आणि डोळे मिटून घेत. तोंडात थर्मामीटर असलेल्या माणसाकडून उत्तर कसं मागणार? समोरचा जरा वेळ घुटमळायचा, मग तब्येतीला जपा म्हणून निघून जायचा. तो दिसेनासा झाला की काका थर्मामीटर उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "नॉर्मल हाय."

जनावराचा ताप कुठं थर्मामीटर लावून बघतात हे आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक. त्यामुळे पेंडीच्या दुकानातले आप्पा रोज न चुकता विचारायचे, "कंपाउंडर, ह्यो माणसाचाच हाय ना बे? का दवाखान्यातला उचलला?" काका त्यालाही उत्तर द्यायचे नाहीत, कारण तो तोंडातच असायचा.

गेल्या वर्षी आमच्या चर्चला पंचवीस वर्षं झाली. चौसाळ्यात मेथडिस्ट मंडळी कशी उभी राहिली याचा इतिहास स्मरणिकेसाठी लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बीडला कॉलेजात शिकवते आणि शिकवणाऱ्या माणसाला लिहिता येतंच असा लोकांचा समज असतो. मी लिहिला. पाळकसाहेबांनी वाचून त्यातली निम्मी वाक्यं काढली आणि जागोजागी "प्रभूच्या कृपेने" घातलं. प्रभूची कृपा होतीच, मी नाही म्हणत नाही. पण जी वाक्यं निघाली त्यात काका होते, म्हणून ती इथं लिहिते.

आमची चारच घरं होती आणि त्यातलं एकही मूळचं चौसाळ्याचं नव्हतं. काका बिदरकडचे. माझे वडील शाळेत गुरुजी, उदगीरहून आलेले. नर्सबाई उमापूरच्या दवाखान्यातून बदलीवर आल्या होत्या. आणि टेलर नांदूरघाटचं दुकान बंद करून इथं आला होता, कारण हायवेवर गिऱ्हाईक जास्त. पोटामागं आलेली चार घरं दर रविवारी एसटीनं बीडच्या चर्चला जायची आणि घामाघूम होऊन परतायची. एका रविवारी एसटी आलीच नाही. दीड तास वाट बघून काका स्टँडच्या बाकावर उभे राहिले आणि म्हणाले, "देव बीडला ऱ्हातो आन चौसाळ्याला नुसता स्टॉप हाय, असं कुठं लिवलंय का? बसा हितंच." आम्ही बसलो, गायलो. तिसऱ्या कडव्याला एसटी आली आणि कुणाची वाट न बघता निघून गेली. काका नंतर सांगायचे की त्या कंडक्टरला स्वर्गात सीट राखून ठेवलीय, त्यानं आमची मंडळी स्थापन केली.

उपासना मग नर्सबाईंच्या क्वार्टरमध्ये भरू लागली. तिथं बाळंतिणी दार वाजवायला लागल्या, तेव्हा ती टेलरच्या दुकानात गेली. शिलाई मशीन बाजूला सारून आम्ही कापडाच्या ताग्यांवर बसायचो. पाळकसाहेब बीडहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार काका चालवायचे.

त्यांच्या प्रवचनाला एक माप होतं. येताना ते स्टोव्ह आणि झाकणाचा डबा घेऊन यायचे. दुकानाच्या पायरीवर स्टोव्ह पेटवून डब्यात दवाखान्याच्या सुया उकळायला ठेवायचे, आणि मग बायबल उघडायचे. झाकण खडखडलं की प्रवचन संपलं. वाक्य अर्धं असलं तरी "आमेन" म्हणून ते उठायचे. एकदा "आणि तेव्हा मोशे म्हणाला" इथं झाकण खडखडलं. मोशे काय म्हणाला ते आम्हाला पुढच्या रविवारीसुद्धा कळलं नाही, कारण तोवर काका दुसऱ्याच पुस्तकात गेले होते. एकदा मात्र रॉकेलात पाणी निघालं आणि प्रवचन तासभर चाललं. घरी जाताना वडील म्हणाले की आज पहिल्यांदा या माणसाला बायबल येतं असं वाटलं.

सभासदांची नोंद ते लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरात ठेवायचे. त्यात मालकाचं नाव, जनावराची जात, रंग, लस दिल्याची तारीख आणि शेरा असे रकाने होते. मालकाच्या रकान्यात सगळ्यांपुढे "प्रभू" लिहिलेलं. लस म्हणजे बाप्तिस्मा. शेऱ्यात काय असायचं ते ते कुणाला दाखवत नसत. रविवारी उशिरा येणाऱ्याला मात्र दारातच अडवून म्हणायचे, "जीभ दाखव." नर्सबाईंसारखी बाईसुद्धा जीभ दाखवून आत यायची.

जागा मिळाली ती म्हशीमुळे. आप्पांची म्हैस व्याल्यावर आडवी पडली, डोळे पांढरे केले. डॉक्टर रजेवर होते. काकांनी शिरेत सुई घातली, कॅल्शियमची बाटली हात उंच करून धरली आणि बाटली संपेपर्यंत वेळ जावा म्हणून गाणी म्हणत राहिले. सहाव्या गाण्याला म्हैस उठली. आप्पा शंकराचे भक्त, गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा न घेणारे. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "माग कंपाउंडर, काय पाह्यजे ते." काकांनी गोठ्यालगतचा मोकळा तुकडा मागितला. आप्पांनी दिला, पण अट घातली. "तुमचं गाणं हिला आयकू गेलं पाह्यजे. काल गाणं म्हनलं तर हिनं लई दूध दिलं." म्हणून आमच्या चर्चची गोठ्याकडची खिडकी आजही उघडी असते. प्रार्थनेत मध्येच म्हैस ओरडली की काका डोळे न उघडता म्हणायचे, "हजर."

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. भिंती कमरेएवढ्या आल्या आणि चर्चच्या जिल्हा अधीक्षकांचं, म्हणजे आमच्या डी.एस. साहेबांचं, पत्र आलं की कोनशिला बसवायला मी स्वतः येतो, तिच्यावर संस्थापकांची नावं कोरून ठेवा. त्या पत्रानं घात केला.

पहिलं नाव कुणाचं? वडील म्हणाले, मंडळीसाठीचा अर्ज मी लिहिला, मंजुरी माझ्या अक्षराला मिळाली. नर्सबाई म्हणाल्या, माझ्या क्वार्टरमध्ये तुम्ही सगळे चपला काढून शिरला होता तेव्हा अर्ज कुठं होता? टेलरनं सरळ रविवारी दुकानाला कुलूप लावलं. पुढच्या रविवारी नर्सबाई एकट्याच बीडला गेल्या. वडिलांनी घरीच बायबल वाचलं, तेही रागानं. सलग तीन रविवार चौसाळ्यात उपासना झाली नाही. डी.एस. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी कळवलं, चार घरांना एका दगडावर बसता येत नसेल तर वेगळी मंडळी हवी कशाला, बीडलाच येत जा. आमची मंडळी जन्माला यायच्या आत मरायला टेकली होती.

काकांनी तिघांना आप्पांच्या दुकानात बोलावलं. तिघांनाही जीभ दाखवायला लावली. मग म्हणाले, "दगड मी आणतो. नावं कुनाची, कुठं, ते मी बगतो. पर अक्षरांचं तोंड आत ऱ्हाईल, भिताडाच्या आत. माणसांनी कावून वाचायचं? ज्याच्यासाठी बांधतोय त्यो वाचील." तिघेही कबूल झाले. प्रत्येकाला वाटलं की आपलंच नाव वर असणार, म्हणून तर हा दगड उलटा बसवतोय. बाकीच्यांना राग येऊ नये म्हणून. टेलरला माप दिलं गेलं आणि त्यानं दगडासाठी तांबड्या कापडाचा अभ्रा शिवला, चारी बाजूंनी बंद, आतलं काही दिसू नये असा.

कोनशिलेच्या दिवशी मी हजर होते. अभ्र्यातला दगड टेबलावर ठेवला होता. डी.एस. साहेबांची जीप यायची होती, तेवढ्यात तिघांनीही एकेक करून दगडाजवळ जाऊन कापडावरून बोटं फिरवली. कोरलेलं लागत होतं, खडबडीत, खणलेलं. वडील परत आले ते छाती पुढं काढून. मला हळूच म्हणाले, "वेलांटी लागली हाताला. आपलंच हाय." टेलर डोळे पुसत होता. नर्सबाईंनी दगडाला पाया पडल्यासारखं केलं आणि मग आपण ख्रिस्ती आहोत हे आठवून पदर सावरला. तिघांनीही नंतर काकांना गाठून विचारलं, "माझं पयलं हाय ना?" काकांच्या तोंडात थर्मामीटर होता. त्यांनी मान अशी हलवली की हो का नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. साहेबांनी हात ठेवून प्रार्थना केली, गवंड्यानं दगड बसवला, आणि पुढच्या रविवारी चारी घरं एका ओळीत बसली. ती अजून बसतात.

पण त्याच दिवशी एक दुसरी भानगड झाली. दुपारी साहेबांना जेवण होतं. काकू मसाला वाटायला मागच्या अंगणात गेल्या तर पाटा गायब. त्यांचं आणि आमचं अंगण एकच, मधे लिंबाचं झाड, त्या झाडाखाली हा पाटा. बदलीच्या वेळी बिदरहून ट्रकनं आलेला, उतरवताना एक कोपरा उडालेला. दोनच दिवसांपूर्वी काकूंनी त्याला टाकी लावून घेतली होती, म्हणजे छिन्नीनं नवे टोचे मारून खडबडीत करून घेतला होता. वरवंटा जागेवर आणि पाटा नाही. साहेब नुसत्या तिखटाच्या पुडीचा रस्सा जेवले. काकू वाढताना आदळआपट करत होत्या. काका खाली मान घालून जेवत होते आणि कधी नव्हे ते त्यांनी रश्श्याला नावं ठेवली नाहीत.

आणि माझी आई त्याच दिवशी पहाटेच्या एसटीनं माहेरी गेली होती. आजीला बरं नव्हतं. हातात जड पिशवी होती, तिच्यात चिंचा आणि ज्वारी. ती वर चढवताना कंडक्टर म्हणाला होता, "बाई, धोंडे भरलेत का?" हे आप्पांनी ऐकलं होतं आणि आप्पांनी ऐकलं म्हणजे गावानं ऐकलं. आई आठ दिवसांनी परतली तोवर निकाल लागून गेला होता. काकूंनी दारातच विचारलं, "भावाच्या घरी पोचला का माझा पाटा?"

वडिलांनी आवाज चढवला, मी रडले, पण आईनं पिशवी खाली ठेवली, हातपाय धुतले आणि चुलीपुढं बसली. वडील काकांकडे गेले. काकांच्या तोंडात थर्मामीटर होता. त्या वेळी मला वाटलं की बिचाऱ्यांना खरंच ताप आला असेल.

त्यानंतर पंचवीस वर्षं काकू आईशी बोलल्या नाहीत. बायकांच्या बाजूला एक पहिल्या सतरंजीवर, दुसरी शेवटच्या. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, गुडघे टेकायचे तर काकू आधी बघायच्या की शेजारी आई तर नाही. अंगणात मधे आडोशाला बांबूच्या तट्ट्या आल्या. वरवंटा काकूंनी टाकला नाही. तो दाराला टेकण म्हणून ठेवला, आणि नवीन कुणी आलं की त्याच्याकडे बघून म्हणायच्या, "एकलाच हाय बिचारा. ह्याचा जोडीदार शेजारी गेला." माझ्या लग्नात त्यांनी मला मिक्सर दिला आणि चारचौघांत म्हणाल्या, "तुझ्या आईकडं पाटा हायेच. तुला ह्यो." मी आईकडे पाहिलं. ती पाहुण्यांना साखर वाटत होती.

मी आईला किती वेळा म्हणाले असेन की तू एकदा तरी भांड. ती म्हणायची, "माझ्याकडं पाटा न्हाई ते मला ठावं हाय. पुरं झालं." मला हे संतपण अजिबात आवडत नव्हतं. मुलीला आई भांडकुदळ असलेली चालते, चोर म्हटली गेलेली चालत नाही.

सहा वर्षांपूर्वी काका गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी आईला बोलावून घेतलं. काकू उठून आत गेल्या. मी दारात होते. काकांनी उशाखालून स्टीलची नळी काढून आईच्या हातात दिली. म्हणाले, "गुरुजीनबाई, हा आता तुमच्याकडं शोभतो. माझ्याच्यानं आता झटकवत न्हाई." आईनं पदरात घेतला आणि म्हणाली, "तुमी फिकीर करू नका भाऊजी." नवऱ्याचा थर्मामीटर पाटाचोरीण घेऊन गेली, याचं काकूंना पुन्हा वर्षभर पुरलं.

त्यांच्या मागं ते रजिस्टर निघालं. वडिलांपुढे शेरा होता, "बैल, कामाचा. शेपटी धरली की मारतो." नर्सबाईंपुढे, "दुधाळ. लाथ जपावी." टेलरपुढे, "रुसतो, चारा टाकला की येतो." काकूंपुढे काहीच लिहायचं धाडस त्यांनी केलं नव्हतं. आईच्या नावापुढे होतं, "मुकी नाही. गप्प आहे." आम्ही ते वाचून पान उलटलं.

आता गेल्या वर्षीचं. लोक वाढले म्हणून चर्च पुढं वाढवायचं ठरलं, म्हणजे समोरची भिंत पाडायची. नवे डी.एस. साहेब रौप्यमहोत्सवाला येणार होते. त्यांनी सुचवलं की जुनी शिला निघाली की तिच्यावरची नावं त्याच क्रमानं नव्या संगमरवरावर घ्या, आणि खाली उद्घाटक म्हणून त्यांचं स्वतःचं. झालं. पंचवीस वर्षं थंड पडलेलं पुन्हा तापलं. वडील ऐंशीच्या घरात, काठी घेऊन भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले. टेलरला दिसत कमी, तरी चष्मा पुसत उभा. नर्सबाई नातवाच्या मोटारसायकलवरून आल्या. शुक्रवारी सकाळी सगळी मंडळी जमली, आई आणि काकूही, मधे वीस माणसं सोडून. मला वाटलं की आज दुपारपर्यंत भांडणाऱ्या तीन घरांपैकी दोन चर्च सोडून जाणार.

गवंड्यानं पहार घातली. दगड निघाला. तांबडं कापड कधीच कुजलं होतं, त्याची धूळ झाली. गवंड्यानं हातानं माती झाडली आणि दगड उलटा केला. नाव नव्हतं. एकही अक्षर नव्हतं. नुसते टोचे, ओळीनं मारलेले, आणि एक कोपरा उडालेला.

वडील वाकले आणि बोटानं ते टोचे चाचपू लागले. अजून वेलांटी शोधत होते. कुणी काही बोलायच्या आत काकू गर्दीतून पुढं आल्या, पदरानं दगड पुसला, उडालेल्या कोपऱ्यावर हात ठेवला.

"ह्यो माझा पाटा हाय," त्या म्हणाल्या.

खिडकीपलीकडून आप्पांना हसू फुटलं. नव्वदीचा माणूस, हसता हसता खोकला लागला. "कंपाउंडर, लेका, साहेबाकडून पाट्याला प्रार्थना करवलीस," असं ते कितीतरी वेळ म्हणत होते. मग टेलर हसला, कारण अभ्रा त्यानंच मापानं शिवला होता. नर्सबाईंना आपण पाट्याच्या पाया पडलो हे आठवलं. शेवटी वडीलही हसले. कुणाचंच नाव नाही म्हटल्यावर कुणाचंच नाव खाली नव्हतं.

मी हसले नाही. मला काकांचा राग आला होता. तीन माणसांचा मान राखायला या माणसानं माझ्या आईची अब्रू भिंतीत चिणली, आणि वर तोंडात काचेची नळी धरून बसला. मेलेल्या माणसाची जीभ बघता येत नाही, नाहीतर मी बघितली असती.

काकू वळल्या आणि आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षांनी.

"तुला ठावं होतं?"

"एसटीतून दिसलं," आई म्हणाली. "पहाटं. सायकलीच्या कॅरिअरवर पाटा बांधून चर्चकडं निघालते. त्यांनी बी मला बगितलं."

"मग बोलली कावून न्हाईस?"

आईनं चर्चकडे पाहिलं. समोरची भिंत नव्हती, त्यामुळे आतल्या सतरंज्या, पेटी, म्हशीची खिडकी, सगळं दिसत होतं. "बोलले असते तर त्याच दिवशी दगड उपटला असता तिघांनी. मग तुमी आन मी आयतवारी कुठं बसलो असतो?"

काकूंचा चेहरा वाकडा झाला. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत आणि माफीही मागितली नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. त्या घरी गेल्या, दाराचं टेकण घेऊन आल्या आणि आईच्या हातात ठेवलं. "धर," म्हणाल्या. "लई जड झालाय मला."

आईनं वरवंटा घेतला. दोन्ही हातांनी घेतला आणि पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली. माझा राग तिथं गेला असं म्हणणार नाही, पण तो दुसरीकडे कुठंतरी जाऊन बसला.

संगमरवर परत पाठवायचं ठरलं. हाच दगड पुन्हा बसवायचा, पण तोंड बाहेर करून, म्हणजे नाव नाही ते सगळ्यांना वाचता येईल. काकू अडून बसल्या. "पंचवीस वर्सं देवानं वापरला. आदी मला एक डाव वापरू द्या." शनिवारी दोघी लिंबाखाली बसल्या. काकू मिरच्या, लसूण, खोबरं टाकत होत्या, आई वाटत होती. काकू म्हणत होत्या, बारीक कर, आणि आई म्हणत होती, मला शिकवू नका. इतकं बोलणं मी त्या दोघींचं जन्मात ऐकलं नव्हतं. तट्ट्या त्याच संध्याकाळी निघाल्या. पाटा धुऊन रविवारी सकाळी जागेवर पोचवायचं काम आईकडे आलं.

नवे साहेब आले. संगमरवर नाही आणि आपलं नाव कुठंच नाही हे कळल्यावर ते जरा आखडले. तरी त्यांनी दगडावर दोन्ही हात ठेवले, चांगले दाबून, आणि लांबलचक प्रार्थना केली. प्रार्थनेच्या शेवटी त्यांनी डोळे पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले, आणि मग पाण्याच्या धारा लागल्या. नाक लाल झालं. बोलता येईना. मंडळीनं आजवर एवढा हेलावलेला साहेब पाहिला नव्हता. बायका हुंदके देऊ लागल्या, टेलरनं मोठ्यानं आमेन म्हटलं, गोठ्यातून म्हैस ओरडली आणि वडील डोळे मिटून म्हणाले, "हजर."

मी मागं शेवटच्या सतरंजीवर आई आणि काकूंच्या मधे बसले होते. दगडाच्या टोच्यांत लाल काहीतरी चमकत होतं. मी आईच्या कानाशी वाकून विचारलं, "आई, पाटा धुतलास ना गं नीट?"

काकू समोर बघत होत्या, ओठ गच्च मिटून. आईनं पदराखालून स्टीलची नळी काढली, थर्मामीटर दोनदा झटकला, जिभेखाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले.